चेटकीण, शेजार आणि न्यायासन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपुरांत मारबतीची मिरवणूक निघते, हें नागपूरकर वाचकांस सांगावयास नकोच. परगांवच्या वाचकांसाठीं दोन शब्द लिहितों. बांबू आणि कागद यांची एक भली थोरली स्त्रीची आकृति तयार करितात, तिला काळा रंग देतात, आणि शहरांतली रोगराई व इडापिडा हिनें आपल्याबरोबर घेऊन जावी अशा आरोळ्या ठोकीत तिला रस्त्यारस्त्यांतून फिरवून शेवटीं शहराबाहेर जाळून टाकितात. तिच्याबरोबर दुसरी पिवळी मारबत असते, आणि अलीकडे महागाईपासून लांचखाऊ अंमलदारांपर्यंत नाना प्रकारचे ‘बडगे’ही निघतात; परंतु जुन्या लोकांच्या बोलण्यांत भर असतो तो काळ्या मारबतीवरच. ही मारबत भोसल्यांच्या घराण्यांतील बाकाबाईची प्रतिमा असून, ती इंग्रजांस अनुकूल झाली म्हणून लोकांनीं तिच्यावर असा सूड उगविला, असें सांगतात. ही दंतकथा कितपत खरी आहे तें बाजूला ठेवूं. पण तिची घडण मोठी विचार करण्यासारखी आहे. नवऱ्यामागें राहिलेली एक वयस्क विधवा, राज्य गेल्याचें खापर तिच्या माथीं, आणि वर शहरांतला पटकी-तापही तिच्याच पदरांत! आम्हीं लहानपणीं वडिलांच्या खांद्यावर बसून ही मिरवणूक पाहिली आहे, आणि तींत भिण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. मारबत कागदाची असते.

नागपुराहून एका दिवसाच्या वाटेवर मात्र ती नेहमींच कागदाची असत नाहीं. १ मे २०२४ रोजीं, महाराष्ट्रदिनींच, गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत बारसेवाडा या गांवीं जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांस मारहाण करून जाळण्यांत आलें. गांवांतील एका बालकाच्या मृत्यूचें कारण त्यांच्या अंगीं चिकटविण्यांत आलें होतें. आणि पकडलेल्या लोकांत त्या स्त्रीच्या घरचींच माणसें असल्याचें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालें. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला मेळघाटांत, चिखलदरा तालुक्यांत, सत्याहत्तर वर्षांच्या एका वृद्धेस याच संशयानें मारहाण करून तिची धिंड काढण्यांत आली. त्यापूर्वीं २०२१ च्या ऑगस्टांत चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवती तालुक्यांत वणी खुर्द येथें भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांस भर चौकांत खांबांस बांधून झोडपलें गेलें.

अशा बातम्या आल्या कीं आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतून एकच उद्गार निघतो: हे रानांतले, अडाणी लोकांतले प्रकार, आपला त्यांशीं काय संबंध? ‘जंगली’ हा एक शब्द उच्चारला कीं आमची जबाबदारी संपते. वास्तविक आमच्या भाषेंत या विषयाचा शब्दसंग्रह कांहीं लहान नाहीं. हडळ, जखीण, लावसट या मेलेल्या बायका. त्यांच्या गोष्टी ऐकून आम्ही रात्रीं पांघरुणांत तोंड खुपसलें, पण त्या भीतीनें कोणाच्या केसालाही धक्का लागला नाहीं. चेटकीण ही मात्र जिवंत बाई. तिला घर असतें, नांव असतें, बहुधा एखादें शेळी-कोंबडें असतें, आणि मुख्य म्हणजे तिला शेजार असतो. या शेजाराविषयींच आम्हांस लिहावयाचें आहे. परंतु त्यासाठीं वाचकांस थोडा वेळ नागपूर सोडून इंग्लंडांत यावें लागेल. कारण ज्या देशाच्या न्यायपद्धतीचा आपण दीडशें वर्षें पाठ गिरविला, त्या देशानें चेटकिणीचा खटला रीतसर न्यायासनापुढें चालविला, त्याचे कागद जपून ठेविले, आणि त्यामुळेंच शेजाऱ्यापाजाऱ्यांत हा आरोप कसा उगवतो हें आज आपणांस वाचतां येतें.

इंग्लंडांत चेटकाविरुद्ध पहिला कायदा १५४२ सालीं, आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत झाला. तो थोड्याच वर्षांत रद्द होऊन एलिझाबेथ राणीच्या वेळीं १५६३ सालीं दुसरा, आणि पहिल्या जेम्सच्या वेळीं १६०४ सालीं त्याहून कडक असा तिसरा आला. हा जेम्स अडाणी नव्हता, हें आमच्या पांढरपेशा मित्रांनीं ध्यानांत घ्यावें. युरोपांतील विद्वान् राजांत त्याची गणना होई, आणि इंग्लंडच्या गादीवर येण्यापूर्वीं, स्कॉटलंडचा राजा असतांना, १५९७ सालीं त्यानें चेटकिणी खऱ्या असतात असें प्रतिपादणारा एक ग्रंथ स्वतः लिहून छापविला होता. १५६६ सालीं एसेक्स परगण्यांत चेम्सफर्ड येथें अ‍ॅग्नेस वॉटरहाउस नांवाच्या वृद्ध विधवेस फांशी झाली. या कायद्याखालीं इंग्लंडांत गेलेल्या पहिल्या बळींपैकीं ही एक. तिच्याजवळ एक मांजर होतें आणि तें सैतानाचें नांव धारण करून तिचीं कामें करी, असा पुरावा झाला. कामें तरी कोणतीं? शेजाऱ्यांचीं गुरें आणि हंसबदकें मारणें, दुधाचा जिन्नस नासणें! पुढें इंग्लंडांत एकंदर सुमारें पांचशें जीव या आरोपाखालीं गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. सगळ्या युरोपखंडांत हीच संख्या चाळीस ते पन्नास हजारांच्या घरांत जाते. चेटकिणींना जाळीत असत अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती स्कॉटलंड व युरोपखंड यांना लागू आहे. इंग्लंडांत या अपराधाला फांशी असे. मरणाऱ्यांत बहुतेक बायका, आणि त्यांतही गरीब व वयस्क बायका.

लँकेशायरांतील पेंडल टेकडीच्या परिसरांतला १६१२ चा खटला सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याची सुरुवात पहावी. मार्च महिन्यांत अ‍ॅलिझन डिव्हाइस नांवाची एक भिक्षेकरी घरची मुलगी रस्त्यानें जात असतां तिला जॉन लॉ नांवाचा फेरीवाला भेटला. तिनें त्याच्याजवळ टांचण्या मागितल्या. गांठोडें सोडण्याचा त्यास कंटाळा आला, कीं पोरीजवळ पैसे नाहींत हें त्यानें ओळखलें, कोण जाणे. त्यानें नाहीं म्हटलें. थोडेंसें पुढें गेला नाहीं तोंच तो कोसळला आणि त्याची एक बाजू लुळी पडली. आजचा कोणताही डॉक्टर याला अर्धांगवायु म्हणेल. परंतु फेरीवाल्याच्या मनांत दुसरेंच आलें. आणि आश्चर्य हें कीं, त्या मुलीच्याही मनांत तेंच आलें. तिनें त्याच्या बिछान्यापाशीं जाऊन रडत रडत क्षमा मागितली. आपल्या रागानें माणूस पडूं शकतो यावर तिचा स्वतःचाच विश्वास होता. तेथून चौकशी तिच्या घरांत शिरली, आजीपर्यंत गेली, शेजारच्या वैरी घराण्यांत गेली, आणि २० ऑगस्ट १६१२ रोजीं लँकेस्टर येथें दहा जणांस फांशी देण्यांत आलें. आजी तत्पूर्वींच तुरुंगांत मरण पावली होती. या खटल्यांतील मुख्य साक्षीदार होती अ‍ॅलिझनची धाकटी बहीण जेनेट, वय अवघें नऊच्या आसपास. तिला टेबलावर उभी करून तिची साक्ष घेतली. समोर उभी असलेली तिची आई एवढा आक्रोश करूं लागली कीं तिला बाहेर नेल्यावांचून पोरीच्या तोंडून शब्द निघेना, मग निघाला. बारसेवाड्याच्या बातमींत घरच्याच माणसांचा उल्लेख वाचला, तेव्हां आम्हांस या टेबलावरच्या मुलीची आठवण झाली.

टांचण्यांची ही गोष्ट एकटी नाहीं. अ‍ॅलन मॅकफार्लेन या इतिहासकारानें एसेक्स परगण्यांतील शेंकडों खटल्यांचे कागद चाळून १९७० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षीं त्याचे गुरु कीथ टॉमस यांचा मोठा ग्रंथ निघाला. (मॅकफार्लेन यांचा जन्म आपल्याकडे शिलाँगचा, आणि पुढें त्यांनीं नेपाळांतील गुरुंग लोकांत राहून अभ्यास केला, खेडें म्हणजे काय हें त्यांना केवळ पुस्तकांतून कळलेलें नव्हतें.) या दोघांना कागदांतून पुनःपुन्हा एकच कथा आढळली. एक गरीब म्हातारी शेजाऱ्याच्या दारीं येते. वाटीभर ताक, थोडें पीठ, किंवा विरजणाला दूध मागते. शेजारी नाहीं म्हणतो. म्हातारी पुटपुटत जाते. चार दिवसांनीं शेजाऱ्याचें वासरूं मरतें, किंवा मूल तापानें फणफणतें. आणि त्याला ते पुटपुटणें आठवतें. म्हणजे आरोप करणारा हा बहुतकरून अन्याय सोसणारा नसून, अगोदर नाहीं म्हणणारा असतो! पूर्वीं दारीं आलेल्याला कांहींतरी घालणें हा धर्म होता. सोळाव्या शतकांत धान्य महागलें, भिकारी वाढले, गरिबांची तरतूद सरकारी पट्टीनें करावी असें ठरूं लागलें, आणि नाहीं म्हणण्याची मुभा मिळाली. पण मनाला मात्र ती मुभा मिळाली नव्हती. नाहीं म्हटल्याचा सल आंत राही, आणि घरांत दुःख आलें कीं तोच सल बाहेर येऊन म्हातारीच्या अंगावर धांवे. पुढील अभ्यासकांनीं या उपपत्तींत पुष्कळ दुरुस्त्या सुचविल्या आहेत. बायकांबायकांतील भांडणें, गांवांतील तट, यादवी युद्धाचा गोंधळ, हींही कारणें पुढें आलीं आहेत. तथापि तिचा गाभा आम्हांस पटतो, आणि पटण्याचें कारण आमच्याच मुलखांतलें आहे.

ठगांच्या बंदोबस्ताबद्दल ज्याचें नांव गाजलें तो स्लीमन हा जबलपूर-नर्मदेच्या टापूंत पुष्कळ वर्षें अंमलदार होता. त्याच्या १८४४ च्या प्रवासग्रंथांत चेटकावर एक प्रकरणच आहे. त्यांत त्याच्या पदरच्या लोकांनीं सांगितलेल्या गोष्टी आहेत. एका माणसानें एका म्हातारीपासून कोंबडा घेतला आणि पुरी किंमत दिली नाहीं; कोंबडा खाल्ल्यावर तो त्याच्या पोटांत आरवूं लागला, आणि माणूस गेला. दुसरी बाजारांतली. ऊस विकणाऱ्या बाईशीं गिऱ्हाइकाचा दरावरून तंटा झाला. पाहतां पाहतां उसांतला रस रक्त झाला, आणि तें रक्त त्या गिऱ्हाइकाच्याच अंगांतून ओढलेलें होतें. स्लीमन या गोष्टी कांहींशा विनोदानें सांगतो, आणि वाचणाराही हंसतो. पण हंसून झाल्यावर हिशेब पहावा. कोंबड्याची किंमत बुडविली कोणीं? उसाच्या दरावरून हुज्जत कोणीं घातली? टांचण्या कोणीं नाकारल्या? पेंडलची टेकडी आणि महाकोसलचा बाजार यांत सात समुद्रांचें अंतर. परंतु बुडविलेला दाम पोटांत जाऊन आरवतो, हें दोन्हीं ठिकाणच्या लोकांस सारखेंच माहीत होतें.

शेजाऱ्याच्या मनांतला संशय एकट्यानें फार लांब जात नाहीं. त्याला ‘होय’ म्हणणारा कोणी जाणता लागतो. इंग्लंडांत १६४५ ते १६४७ या यादवीच्या वर्षांत मॅथ्यू हॉपकिन्स नांवाच्या इसमानें हा धंदाच काढला. एसेक्सांतील मॅनिंगट्री येथें एलिझाबेथ क्लार्क या एका पायानें अधू असलेल्या म्हातारीपासून त्यानें आरंभ केला, आणि पाहतां पाहतां पूर्वेकडील परगण्यांत शंभराहून अधिक जीव फासावर चढविले. इंग्लंडच्या कायद्यांत छळ करून कबुली घेण्यास मनाई होती. म्हणून तो आरोपीस मारीत नसे, तर रात्रीमागून रात्री झोपूं देत नसे, खोलींत येरझारा घालावयास लावी. ब्रँडस्टनचा धर्मोपदेशक जॉन लोज, वय ऐंशींच्या जवळपास, अशा जागरणानें व पळविण्यानें शुद्ध हरपून कबूल झाला आणि फांशीं गेला. आपला अंत्यविधीचा पाठ त्यानें स्वतःच म्हटला. गांवोगांवच्या पंचांनीं हॉपकिन्सला फी दिली. स्टोमार्केट या एका गांवानें तेवीस पौंड मोजले, आणि ही रक्कम त्या वेळच्या मजुराच्या वर्षाच्या कमाईहून पुष्कळ जास्त होती. पाण्याची परीक्षा तर त्या काळीं सर्वांच्या परिचयाची होती: संशयिताला बांधून तळ्यांत सोडावें, बुडाला तर निर्दोष, तरंगला तर दोषी.

आतां चार्ल्स ग्रँट यानें संपादिलेलें मध्यप्रांताचें १८७० चें गॅझेटियर घ्यावें. मध्यप्रांत १८६१ सालीं स्थापन होऊन नागपूर हें त्याचें मुख्य शहर झालें होतें, आणि बस्तरचें संस्थान त्याच्या देखरेखीखालीं होतें. तेथें चेटक्याची परीक्षा कशी घेत तें पुढें क्रुक यानेंही आपल्या लोकसमजुतींवरील ग्रंथांत उतरून घेतलें आहे. संशयिताच्या डोक्याला मासे धरण्याचें जाळें गुंडाळीत, म्हणजे त्यानें राखणदारांवर मंत्र टाकूं नये. मग पानें टाकून कौल घेत. आणि अखेरीस त्याला पोत्यांत घालून कमरभर पाण्यांत सोडीत. डोकें पाण्यावर आलें कीं अपराध शाबीत. त्यानंतर मारहाण, मुंडण, आणि दांत पाडणें. दांत नसले म्हणजे मंत्राचा उच्चार शुद्ध होत नाहीं, अशी त्यामागची कल्पना. बस्तरच्या माणसानें एसेक्सचें नांव ऐकलें नव्हतें, आणि एसेक्सच्या माणसानें बस्तरचें. दोघांनींही अशी परीक्षा शोधून काढिली कीं जींत निर्दोष ठरावयाचें तर जीव गुदमरेपर्यंत पाण्याखालींच रहावें. आणि आमच्याकडेही परीक्षेच्या तोंडाशीं कोणी देवऋषी, कोणी भगत, कोणी मांत्रिक असतोच, आणि तोही दक्षणा घेतल्यावांचून घरीं जात नाहीं.

येथपर्यंत दोन्ही देश हातांत हात घालून चालले. वाटा फुटतात त्या यापुढें. इंग्लंडांत आरोप न्यायासनापुढें येत असे. तें न्यायासन प्रथम क्रूर होतें यांत शंका नाहीं. पण न्यायासनाला एक खोड असते. तें वर्षानुवर्षें तेच तेच ऐकतें, आणि ऐकतां ऐकतां कधींतरी त्याच्या तोंडून प्रश्न निघतो, कीं हें तुला कसें कळलें? असा प्रश्न एकट्यादुकट्यानें पूर्वींही केला होता. केंट परगण्यांतील रेजिनल्ड स्कॉट यानें १५८४ सालींच या सगळ्या प्रकाराची रेवडी उडविणारें पुस्तक छापिलें होतें. परंतु पुस्तकानें खटले थांबत नाहींत.

१६३३-३४ सालीं त्याच पेंडलच्या टापूंत एडमंड रॉबिन्सन नांवाच्या दहा वर्षांच्या पोरानें एक कहाणी सांगितली: दोन शिकारी कुत्रे भेटले, त्यांतल्या एकाची बाई झाली, तिनें मला घोड्यावर घालून चेटकिणींच्या मेजवानीला नेलें. पंचांनीं पंधरावीस जणांस दोषी ठरविलें. न्यायाधीशांस मात्र संशय आला. त्यांनीं शिक्षा न देतां प्रकरण राजाकडे लिहून पाठविलें. चार स्त्रियांस लंडनला नेलें. तेथें त्यांच्या अंगावर चेटकाच्या खुणा आहेत कीं काय हें पाहण्याचें काम ज्यांच्या देखरेखीखालीं झालें त्यांत राजवैद्य विल्यम हार्वे होता. रक्ताचें अभिसरण सिद्ध करून अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. खुणा कांहीं निघाल्या नाहींत. पोराला बापापासून वेगळें ठेवून विचारलें, तेव्हां त्यानें कबूल केलें कीं गुरें घरीं आणावयास उशीर झाला, मार चुकवावा म्हणून जुन्या खटल्याच्या ऐकीव गोष्टींवरून हें रचलें.

सर जॉन होल्ट हा १६८९ पासून १७१० पर्यंत इंग्लंडचा मुख्य न्यायाधीश होता. त्याच्यापुढें आलेली एकही चेटकीण दोषी ठरली नाहीं. पण त्याच्या कारकीर्दींतली आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे रिचर्ड हॅथवे याचा खटला. हा एका लोहाराचा उमेदवार, साराह मॉर्डक या बाईनें आपणांवर चेटूक केल्यामुळें आपणांस अन्न जात नाहीं, टांचण्या ओकाव्या लागतात (पुन्हां टांचण्या!), आणि तिला ओरबाडून रक्त काढलें म्हणजेच बरें वाटतें, असें तो सांगे. लोकांनीं त्या बाईचे अतोनात हाल केले. एका धर्मोपदेशकानें युक्ति केली: हॅथवेचे डोळे मिटलेले असतां साराहच्या ऐवजीं दुसऱ्याच बाईचा हात त्याच्या हातांत दिला. त्यानें ओरबाडलें, आणि त्याला बरें वाटलें! साराह निर्दोष सुटली. आणि १७०२ सालीं होल्टपुढें स्वतः हॅथवे आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला. त्याला लोकांसमोर खोड्यांत उभें करून फटके मारण्याची व सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. आरोप करणाऱ्यास जाब विचारला गेला, तो असा. इंग्लंडांतील शेवटची निश्चित फांशी १६८२ ची, एक्झेटर येथील तीन बायकांची. १७१२ सालीं जेन वेनहॅम हिला पंचांनीं दोषी म्हटलें, पण न्यायाधीशानें राणीकडून माफी मिळवून दिली. आणि १७३६ सालीं कायदाच उलटा झाला. चेटूक हा अपराध राहिला नाहीं. चेटूक येतें असें सांगून लोकांना नाडणें हा अपराध ठरला.

म्हणून खेडीं बदललीं असें मात्र नव्हे. १७५१ च्या एप्रिलांत ट्रिंगजवळ एका जमावानें रूथ ऑसबोर्न या वृद्धेस व तिच्या नवऱ्यास ओढून नेऊन तळ्यांत बुचकळलें, ती मेली. टॉमस कॉली हा तिला काठीनें ढकलीत होता, आणि मग हा तमाशा दाखविल्याबद्दल गर्दींतून पैसे गोळा करीत फिरला. पूर्वीं जिला सरकारनें टांगलें असतें, तिच्यासाठीं आतां कॉलीला टांगलें. आणि तें पाहून गांवचे लोक त्या म्हातारीला नव्हे, कॉलीला हळहळले असें तत्कालीन वृत्तांतांत आहे.

इंग्रजांचा अंमल नागपुरांत आला तो या ट्रिंगनंतरच्या इंग्लंडचा. १८१८ पासून रेसिडेंट जेंकिन्स याच्या हातीं कारभार, १८५४ सालीं राज्य खालसा, आणि १८६२ पासून दंडसंहिता अमलांत. या संहितेंत खून होता, मारहाण होती, बदनामी होती; चेटूक नव्हतें. चेटकाचा आरोप ऐकूनच घ्यावयाचा नाहीं, असें ते न्यायाधीश स्वदेशांतून शिकून आले होते. हें शहाणपणाचें खरें. पण त्याचा एक परिणाम कोणाच्या फारसा ध्यानांत आला नाहीं. आमच्या मुलखांत या आरोपाची कधीं उलटतपासणीच झाली नाहीं. तो पारावर जन्मला, देवऋषीनें त्याला ‘होय’ म्हटलें, आणि तेथेंच निकाल लागला. जिच्यावर तो आला ती बाई न्यायालयांत आली ती बहुधा प्रेत म्हणून. आणि तेव्हां विचारावयाचा प्रश्न एवढाच कीं काठी कोणाच्या हातांत होती. देवऋषीला कोणी विचारलें नाहीं. नाहीं म्हणणाऱ्या शेजाऱ्यालाही कोणी विचारलें नाहीं. होल्टनें १७०२ सालीं जें केलें तें करण्याला आमच्याकडे कलमच नव्हतें, आणि स्वराज्य आल्यावरही पन्नासाहून अधिक वर्षें नव्हतें. बिहारनें १९९९ सालीं पहिला स्वतंत्र कायदा केला, मग झारखंडनें २००१ सालीं. छत्तीसगडांत, जेथें चेटकिणीला ‘टोनही’ म्हणतात, तो २००५ सालीं झाला.

महाराष्ट्राच्या कायद्याची कथा नागपूरकरांच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांची समिति यांनीं त्यासाठीं वर्षांमागून वर्षें खेपा घातल्या. मसुदे आले, कापले गेले, परत आले. नागपुरांतील श्याम मानव यांचीही या कामीं दीर्घ खटपट होती. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत दाभोलकरांचा गोळ्या झाडून खून झाला. चारच दिवसांत वटहुकूम निघाला. आणि डिसेंबरांत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांत विधेयक मंजूर झालें. त्याचें लांबलचक नांव सामान्य लोक घेत नाहींत. ‘जादूटोणाविरोधी कायदा’ एवढेंच म्हणतात. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पांच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. त्याच्या अनुसूचींत एक कलम असें आहे कीं, अमुक व्यक्ति करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्रानें जनावरांचें दूध आटविते, रोगराई पसरण्यास कारण होते, असें भासवून तिचें जगणें कठीण करणें हा गुन्हा होय. जनावरांचें दूध! चेम्सफर्डच्या अ‍ॅग्नेस वॉटरहाउसवर १५६६ सालीं जे आरोप आले, तेच शब्द साडेचारशें वर्षांनीं नागपूरच्या विधानभवनांत वाचले गेले. भेद इतकाच कीं तेथें ते बाईच्या विरुद्ध होते, येथें तिच्या बाजूनें. प्रत्येक पोलिसठाण्यासाठीं दक्षता अधिकारीही नेमावयाचा आहे.

या कायद्याची थट्टा करणारे आम्हांस भेटले आहेत, आणि त्यानें सगळें कांहीं होईल म्हणणारेही भेटले आहेत. आमचें मत दोघांहून निराळें आहे. ज्या प्रश्नाला इंग्लंडांत शें-सव्वाशें वर्षें लागलीं, तो विचारण्याची सोय आमच्याकडे २०१३ सालीं झाली. ती सोय वापरावयाची तर फिर्याद लागते, आणि फिर्याद करणारी बाई त्याच गांवांत राहते. तिचें पाणी त्याच विहिरीवर, तिचें दळण त्याच गिरणींत. ठाणें कित्येक कोस दूर, आणि दवाखाना बहुधा त्याहूनही दूर. पोर तापानें गेलें तेव्हां ज्याचे पाय दवाखान्यापर्यंत पोंचले नाहींत, त्याचेच पाय म्हातारीच्या दारापर्यंत सहज पोंचतात. आणि समजा फिर्याद झाली, आरोपी पकडले गेले, शिक्षाही झाली. तरी ती बाई संध्याकाळीं परत जाते कोठें, याचें उत्तर कोणत्याही कलमांत नाहीं.

लँकेशायरांतही तें नव्हतें. रॉबिन्सनची लबाडी उघड झाली, राजानें त्या बायकांना माफी दिली. परंतु तुरुंगांतील जेवणाखाण्याचा खर्च कैद्यांनीं स्वतः द्यावयाचा असा त्या वेळचा नियम होता; तो ज्यांना देतां आला नाहीं, त्यांना दार उघडलें नाहीं. लँकेस्टरच्या तुरुंगांत १६३६ च्या ऑगस्टांत जे कैदी होते त्यांची यादी उपलब्ध आहे. तींत जेनेट डिव्हाइस असें एक नांव आहे. चोवीस वर्षांपूर्वीं टेबलावर उभी राहून आईविरुद्ध साक्ष देणारी मुलगी ती हीच कीं कोणी दुसरी, याविषयीं विद्वानांत अद्याप मतभेद आहे.